एक जुलैची मोजदाद

एक जुलैला, म्हणजे कॅनडा डेला, सस्काटूनच्या पार्कात सगळे लाल टोप्या घालून हिंडत असतात, तेव्हा आमचे शेजारी रेगेकाका कचऱ्याच्या पिंपाशी उभे असतात. हातात चिमटा, काखेत वही. दाणे खाऊन टाकलेली कणसांची बुरकुंडं ते चिमट्याने मोजतात. त्यांना लाज वाटत नाही, आपल्याला वाटते.

"किती जण जेवले हे कळायला प्लेट्स मोजून काय उपयोग? लोक दोन-दोन उचलतात," ते मला समजावतात. "कचरा खोटं बोलत नाही."

काका पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होते. ते इथे आले तेव्हा या सणाचं नाव डॉमिनियन डे होतं, हे ते दर वर्षी सांगतात. झेंड्यावरच्या पानाला टोकं अकरा, हेही सांगतात. तुम्ही मीठ-लिंबू चोळून कणीस तोंडाजवळ नेलंत की नेमकं म्हणतात, "आपल्या सस्काटूनचं कणीस ऑगस्टशिवाय तयार होत नाही. कॅनडा डेला आपण परदेशी कणीस खातो." मग ते कणीस गोड लागत नाही.

मराठी मंडळींच्या पिकनिकला किती वडे करायचे, हे काकाच ठरवतात. आमंत्रणाला आपल्यातलं कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, हा त्यांचा जुना ताप. त्यावर त्यांनी कोष्टकच केलंय. 'नक्की येतो' म्हणजे अर्धा माणूस. 'बघतो, जमवतो' म्हणजे पाव. 'आय विल ट्राय' म्हणजे शून्य. या कोष्टकाने वडे कधी उरले नाहीत की कमी पडले नाहीत. मी स्वतः कित्येक वर्षं अर्धा होतो.

त्या वर्षी यादी लिहायला मी बसलो होतो. काकांचा मुलगा नितीन हॅलिफॅक्सला असतो. काकू गेल्यापासून तो एकदाही आला नव्हता. काकांनी सांगितलं, "नितीन, सून, दोन पोरं. चार लिही."

"काय म्हणाला तो?"

"आय विल ट्राय, बाबा."

"काका, कोष्टकाप्रमाणे..."

"तिकिटं बघतोय तो. चार लिही."

मी लिहिलं. तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.

पिकनिकला एक्केचाळीस माणसं आली. पार्किंगमध्ये गाडी वळली की काका मोजणं सोडून मान वर करायचे, आणि त्यामुळे त्यांचा आकडा चुकायचा. असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे.

चारच्या सुमारास लोक खुर्च्या मिटायला लागले आणि काकांचा सेलफोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकरवर बोलतात.

"हाय बाबा, हॅपी कॅनडा डे. सॉरी, वर्कमध्ये अडकलो. हार्बरवर आलोय, फायरवर्क्ससाठी जागा धरून बसलोय."

आता काका चिडतील किंवा रडतील, म्हणून मी उठायला लागलो. काकांनी पेन उघडलं.

"पोरांनी काय खाल्लं?"

"हॉट डॉग्ज."

"किती?"

"मोठ्याने दोन. धाकटीने अर्धा टाकला."

"तुम्ही दोघं?"

"फिश अँड चिप्स."

"एक प्लेट की दोन?"

"एक. शेअर केली."

"जास्त कोणी खाल्लं?"

पलीकडे नितीन हसला. त्यानंतर मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ओके बाबा, गॉट टु गो," म्हणून त्याने फोन ठेवला.

तुम्ही सगळे कसे आहात, हे काकांना फक्त असंच विचारता येतं, हे मला तेव्हा कळलं. मुलालाही ते कळत असावं, नसेलही. माझी मुलगी मला आत्ताच इंग्रजीत उत्तरं देते. मी मनातल्या मनात पुढची तीस वर्षं मोजली आणि घाबरलो.

काकांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: हॉट डॉग अडीच, मासे एक प्लेट. आमच्या शाकाहारी पिकनिकच्या पानावर. खाली उपस्थिती लिहिली, पंचेचाळीस. वही माझ्यापुढे धरून म्हणाले, "दुसऱ्या माणसाने तपासून सही करायची असते. बघ, बरोबर आहे ना?"

एक्केचाळीस माणसं माझ्या डोळ्यांदेखत गाड्यांत बसत होती.

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि सही केली.