पाचपैकी ठीक

हिंदुराव टिंगऱ्यांनी कँटीनच्या टेबलावर थाप मारली आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, "हमीदभाई, तुमच्या केसालाही धक्का लागत नाही! का? तर फॉर्म मी स्वतः काढतोय!"

हमीदभाई कढईतले वडे झाऱ्यानं काढत होते. त्यांनी पुढचा घाणा सोडला. मागे कांदा चिरत बसलेल्या बिलकिसभाभी मात्र म्हणाल्या, "टिंगरेसाहेब, शब्द देताय ना?"

"दिला!" हिंदुराव म्हणाले. आता शब्द देण्याआधी माणसानं चहा तरी संपवावा. पण नाही.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीचं कर्वेनगरात ऑफिस होतं. माणसं हिंदुराव सोडून त्रेसष्ट. हिंदुराव तिथलं पर्सोनेल खातं, म्हणजे अख्खं खातं ते एकटेच. राहायला विश्रांतवाडीच्या पुढे, स्वतःच्या मळ्यातल्या घरात. दोन बस बदलून नऊला पोचायचे आणि हमीदभाईंचा पहिला चहा पोटात गेल्याशिवाय कुणाचा रजेचा अर्ज उघडायचे नाहीत. एकोणीस वर्षं हमीदभाई आणि बिलकिसभाभी ते कँटीन चालवत होते. ईदचा शीरखुर्मा सगळ्या ऑफिसला मिळायचा आणि भाभींची साबुदाण्याची खिचडी तर अशी, की हिशेबखात्याचे माधवराव आगाशे त्या खिचडीसाठी आठवड्यातून तीन उपास करायचे. तिसरा कुठल्या देवाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि मुंबईच्या हेड ऑफिसातून नीरजा सबनीस नावाच्या नव्या मॅडम आल्या. त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येक शाखेच्या कँटीनबद्दल कर्मचाऱ्यांचं मत लेखी घ्यायचं. पाच पर्याय, पाच गुण. सरासरी चारच्या वर आली तर कँटीन राहील. नाही आली तर एक तारखेपासून चहाचं मशीन. फॉर्मची भाषा मात्र ज्या त्या शाखेनं ठरवायची.

म्हणजे हिंदुरावांनी. त्यांनी स्वच्छ अक्षरात प्रश्न लिहिला, 'कँटीनमधील खाद्यपदार्थ कसे वाटतात?' खाली पाच चौकटी: उत्कृष्ट, खूप चांगले, चांगले, ठीक, वाईट. उत्कृष्टला पाच गुण, वाईटला एक. त्रेसष्ट झेरॉक्स काढल्या, जेवणाच्या सुट्टीत वाटल्या आणि चार वाजता गोळा केल्या.

बासष्ट जणांनी 'ठीक'वर खूण केली होती.

त्रेसष्टावा फॉर्म माधवरावांचा. नाव लिहायचं नाही असं वर ठळक छापलं होतं, तरी त्यांनी खाली सही करून तारीख घातली होती. पाचही पर्याय काट मारून खोडले होते आणि शेजारी लिहिलं होतं, 'बरे.'

सरासरी दोन! हिंदुराव फॉर्म घेऊन तडक माधवरावांच्या टेबलाशी गेले.

"आगाशे, आज खिचडी किती प्लेट खाल्लीत?"

"दोन."

"आणि लिहिलंत काय? बरे!"

"म्हणूनच लिहिलं. बरी नसती तर दोन खाल्ल्या असत्या का?"

"अहो, मग उत्कृष्ट लिहायला काय हात दुखतो?"

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "टिंगरे, उत्कृष्ट म्हणजे जिथे सुधारणेला जागाच उरलेली नाही असं. एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये खिचडीत मीठ जास्त पडलं होतं."

"सहा वर्षांपूर्वी!"

"तारीखही सांगू शकेन," माधवराव म्हणाले आणि खतावणीत डोकं घातलं.

हिंदुरावांनी हेड ऑफिसला फोन करून सांगितलं, की ही नुसती चाचणी फेरी होती, खरी फेरी पुढे आहे. मॅडमनी आठ दिवस दिले. इथवर ठीक होतं. पण ही बातमी कँटीनमध्ये पोचलीच. दोन गुण ऐकून हमीदभाई रात्रभर जागे राहिले आणि सकाळी त्यांनी चहात केशर घातलं. खिचडीत काजू. वड्याबरोबर दोन चटण्या, आणि वर आग्रह, "घ्या ना साहेब, अजून घ्या!"

ऑफिस एकदम सावध झालं. एकोणीस वर्षं 'पाव मोजून घ्या' म्हणणारा माणूस आज आग्रह का करतोय? टायपिस्ट मंदाकिनीबाई खऱ्यांनी काजू बाजूला काढून, चमच्यानं उलटा करून पाहिला. "जुने संपवायचे असतील," त्या म्हणाल्या. शिपाई संपतनं केशराचा चहा बेसिनमध्ये ओतला. त्याला रंगावरून कावीळ आठवली.

घरी गेल्यावर हिंदुरावांनी सगळं बायकोपुढे मांडलं. मैनाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लोकं ठीकच म्हनत्यात ना? मग ठीकलाच वर न्या की. त्यालाच पाच द्या."

हिंदुराव बघतच राहिले. एवढं साधं आपल्याला सुचू नये!

"मैना, तुझं डोकं म्हणजे..."

"म्हंजे काय?"

"ठीक आहे," हिंदुराव म्हणाले.

"वीस वर्सं झाली लग्नाला, त्येच ऐकतीया," मैनाबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसरा फॉर्म निघाला. सगळ्यात वर 'ठीक', पाच गुण. खाली ओळीनं 'तसं ठीक', 'चालतं', 'चालवून घेतो' आणि शेवटी 'सांगण्यात अर्थ नाही'. हिंदुराव मनाशी म्हणाले, आता बासष्ट पंचे तीनशे दहा, माधवराव काहीही लिहोत!

चार वाजता फॉर्म आले. जवळजवळ सगळं ऑफिस 'चालवून घेतो'वर जाऊन बसलं होतं. सरासरी दोन पूर्णांक एक दशांश. एवढा घाम गाळून एका दशांशाची प्रगती!

"मंदाकिनीबाई," हिंदुराव काकुळतीला येऊन म्हणाले, "परवा तुम्ही ठीक म्हणालात. आजही ठीक होतंच की फॉर्मवर!"

"होतं ना. पण वर होतं."

"मग?"

"सगळ्यात वरच्या चौकटीत खूण केली म्हणजे पैकीच्या पैकी झाले की हो! माझे वडील नूमवित नव्हे, पण चांगल्या शाळेत मास्तर होते. चाळीस वर्षांत त्यांनी एका मुलाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. मी काय वड्याला देऊ?"

"अहो पण शब्द तोच आहे!"

"शब्द तोच आहे. पण कुठे बसलाय ते पाहायला नको?"

मग वरचा-खालचा भेदच नको म्हणून हिंदुरावांनी तिसरा फॉर्म काढला. त्यात शब्दच ठेवले नाहीत. एका आडव्या रेषेवर नुसते आकडे, एक ते पाच. योग्य आकड्याला गोल करा. आकड्यांत तरी कोण काय खुसपट काढणार?

एकतीस जणांनी दोनला गोल केला आणि एकतीस जणांनी चारला. हिंदुरावांना वाटलं, ऑफिसात उभी फूट पडली. ते टेबलाटेबलावर चौकशी करत हिंडले, तेव्हा कळलं ते असं. निम्म्यांना वाटलं, एक म्हणजे पहिला नंबर. आणि पहिला नंबर काही कुणाला असा उगाच द्यायचा नसतो, म्हणून त्यांनी दुसरा दिला. उरलेल्यांना वाटलं, पाचपैकी मार्क द्यायचेत. आणि पाच काही द्यायचे नसतात, म्हणून त्यांनी चार दिले. म्हणजे मंडळी, बासष्टच्या बासष्ट माणसांनी हमीदभाईंचं मनापासून कौतुक केलं होतं! फक्त निम्म्यांनी रेषेच्या त्या टोकाकडून केलं होतं. माधवरावांनी तीनला गोल करून सही केली होती. सरासरी काढली. बरोब्बर तीन!

"तीन म्हणजे ठीक," फोनवर नीरजा मॅडम म्हणाल्या. "मिस्टर टिंगरे, आठ दिवस संपले. सोमवारपासून तीन दिवस तुमच्याकडे मशीन लावू. तेवढे दिवस कँटीन बंद. मग मशीनबद्दल मत घेऊ, आमच्या छापील फॉर्मवर. तुलना करू आणि मी स्वतः येऊन सही करीन."

हिंदुरावांना उलट हायसं वाटलं. ते कँटीनमध्ये जाऊन म्हणाले, "हमीदभाई, निर्धास्त राहा! मशीनचा चहा एकदा पिऊ द्या लोकांना. सगळे 'वाईट'वर खूण करतात की नाही बघा! पाचपैकी एकाच्या वर जायचं नाही."

या वेळी भाभींनी शब्द मागितला नाही. त्याचं हिंदुरावांना जरा लागलं.

सोमवारी मशीन आलं. बटण दाबलं की ते गुरगुरायचं, थांबायचं, विचार करायचं आणि मग कागदी पेल्यात काहीतरी सोडायचं. संपत त्याला पहिल्या दिवशी नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवशी माधवरावांनी तिसरा उपास रद्द केला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. हिंदुराव मनातून खूश होते. गुरुवारी सकाळी नीरजा मॅडमनी स्वतः फॉर्म वाटले, स्वतः गोळा केले, स्वतः बेरीज केली आणि हिंदुरावांना बोलावलं.

"मशीनचं अभिनंदन करा," त्या म्हणाल्या. "पैकीच्या पैकी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट उत्कृष्ट!"

हिंदुरावांनी गठ्ठ्यातला वरचा फॉर्म उचलून पाहिला. "मॅडम, शेरे वाचलेत का?"

"वाचले ना! किती भरभरून लिहिलंय. 'उत्कृष्ट! चहापत्तीला न दुखवता चहा होऊ शकतो, हे प्रथमच कळले.' हे दुसरं पाहा, 'अप्रतिम पेय. काल घरी फरशी पुसायला नेले.' आणि हे सही केलेलं, 'अत्युत्कृष्ट. शत्रूच्या घरी अवश्य लावावे.'" इथे मॅडम जराशा थांबल्या. "लोक गमतीशीर आहेत तुमचे."

"मॅडम, हा मशीनचा सत्कार नाही. ह्या शिव्या आहेत."

"मिस्टर टिंगरे, उत्कृष्ट म्हणजे उत्कृष्ट. पाच म्हणजे पाच."

"मुंबईत, मॅडम. इथे माणूस 'उत्कृष्ट' म्हणाला की समोरच्यानं समजायचं, आपलं काहीतरी फार चुकलंय. आणि 'ठीक' म्हणाला म्हणजे..." हिंदुरावांनी फॉर्मचा गठ्ठा बाजूला सरकवला. "आमच्या बापानं मला मॅट्रिक पास झाल्यावर 'ठीक' म्हटलं होतं मॅडम. अजून आठवतं."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही हमीदभाईंचे मित्र आहात. मी समजू शकते. पण फॉर्ममध्ये जी चौकट आहे तीच मी मोजणार."

"सही करा. फक्त त्याआधी एकदा खाली चला. एक कप चहा."

खाली बिलकिसभाभी बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. एकोणीस वर्षांची भांडी दारापाशी पोत्यात भरलेली होती. हमीदभाईंनी मॅडमना पाहिलं, मुकाट्यानं स्टोव्ह पेटवला आणि आधण ठेवलं. भिजवलेला साबुदाणा सवयीनं घरून आलाच होता, गुरुवार होता ना! भाभींनी कढई पुन्हा पोत्यातून काढली. खिचडीचा वास जिन्यावरून वर गेला आणि माधवराव आगाशे, कुणी बोलावलेलं नसताना, कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसले. मागोमाग मंदाकिनीबाई. मग संपत. पाच मिनिटांत कँटीन भरलं, आणि भाभी प्लेटा भरत गेल्या.

मॅडमनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. प्लेट संपवली. चहा प्यायल्या, आणखी मागितला. आणि मोकळेपणानं, मनापासून म्हणाल्या, "उत्कृष्ट!"

कँटीनमध्ये चमच्याचाही आवाज थांबला.

हमीदभाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली. चेहरा पार उतरला. "काय चुकलं, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं. "मीठ?"

भाभींनी घाईघाईनं कढईतला एक दाणा तोंडात टाकून पाहिला आणि डोळ्यांना पदर लावला. मंदाकिनीबाईंनी नजर जमिनीकडे वळवली. माधवराव उठले, हमीदभाईंपाशी गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनावर घेऊ नका हमीदभाई. मॅडम मुंबईच्या आहेत."

नीरजा मॅडमनी हमीदभाईंकडे पाहिलं. माधवरावांच्या पुसून लख्ख केलेल्या प्लेटकडे पाहिलं. मग बराच वेळ हिंदुरावांकडे पाहिलं. शेवटी पेनाला टोपण लावून घसा साफ केला.

"नाही, म्हणजे," त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

हमीदभाईंचा चेहरा असा उजळला, की ते वड्यांचं पीठ भिजवायलाच धावले. "साहेबलोकांकडून पहिल्यांदा ऐकलं!" ते भाभींना सांगत होते. भाभी रडत होत्या आणि बरण्यांवरचे कागद सोडत होत्या. मशीन दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढलं. हिंदुरावांचा शब्द राहिला. फॉर्ममुळे राहिला असं मात्र कुणी म्हणू नये, तेही म्हणत नाहीत.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण एप्रिलमध्ये हेड ऑफिसकडून हिंदुरावांचा वार्षिक अहवाल आला. त्यात एक रकाना होता, 'प्रश्नावली तयार करण्याचे कौशल्य'. त्यापुढे नीरजा मॅडमच्या अक्षरात एकच शब्द होता.

उत्कृष्ट.

हिंदुरावांनी तो दहा वेळा वाचला. मॅडम मुंबईच्या आहेत, तेव्हा हे कौतुक असणार. पण त्या दिवशी 'ठीक आहे' किती सफाईनं म्हणाल्या होत्या! म्हणजे शिकल्या तर नसतील? शेवटी राहवलं नाही, तेव्हा ते अहवाल घेऊन माधवरावांच्या टेबलाशी गेले.

माधवरावांनी तो नीट वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठून हिंदुरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "बदली कुठे झालेली चालेल, तेवढं घरी विचारून ठेवा."