मशीन परत न्यायचं आहे

शनिवारी दुपारी शिलाई मशीन दुरुस्त झालं आणि लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला. ग्राहक मदत केंद्रात बसून गेली नऊ वर्षं ती लोकांच्या तक्रारी लिहून देत होती. पहिल्यांदाच स्वतःच्या घरात एक अस्सल तक्रार चालून आली होती. वडिलांनी ऑनलाइन घेतलेलं हे जुनं मशीन जाहिरातीत ‘एकही टाका न सोडणारं’ होतं. प्रत्यक्षात तीन टाके घालून दोन सोडत होतं.

“बाबा, बिघाडाचा व्हिडिओ पाठवायचा होता! सात दिवसांत पाठवला की साइटवाल्यांना परत न्यावंच लागतं.”

“कशाला परत? आतला हूक घसरला होता, बसवला. बघ, कसं लोण्यासारखं चालतंय.”

“मग पुन्हा बिघडवा. पाच मिनिटं.”

“अठ्ठावीस वर्षं कारखान्यात मशीनं दुरुस्त केली,” वडील शांतपणे म्हणाले. “बिघडवायचं काम कधी अंगावर घेतलं नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. मशीन विकणारी बाई. बुधवारी बिघाडाबद्दल माफी मागायला म्हणून तिने फोन केला होता. पण तिच्या घरी आणखी एक मशीन निघालं, आणि तेव्हापासून ती रोज फोनवर वडिलांकडून शिवण शिकत होती.

“हां, बोल बाळ,” वडील म्हणाले.

बाळ! लेकीच्या वाट्याला हा शब्द शेवटचा दहावीच्या निकालाला आला होता. त्यानंतर ‘आलीस?’, ‘जेवलीस?’ आणि ‘पंखा बंद कर’. आणि इथे सदोष माल गळ्यात मारणाऱ्या बाईला दोऱ्याचा ताण समजावण्यात चाळीस मिनिटं चालली होती. “चुकलं तर चुकू दे गं, उसवता येतं,” वडील हसत होते. स्वयंपाकघरात लेकीने एकच पातेलं तीनदा घासलं.

फोन ठेवून वडील दूध आणायला खाली उतरले, तशी ती मशीनपाशी गेली. स्क्रू सैल केला, सुई उलटी बसवली, चाक फिरवलं. टाके धडाधड सुटले. त्याचा व्हिडिओ साइटवाल्यांकडे गेला, सोबत आयुष्यातलं सर्वांत धारदार पत्रही गेलं. सुई सरळ करायच्या आत मात्र दारात चपला वाजल्या.

“सुई उलटी कुणी लावली?”

“मला काय माहीत?”

वडिलांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सुई सरळ केली आणि एका चिंधीवर शिवून बघितलं. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

तक्रारीला हे कुणी कळवलं नव्हतं. ती आपल्या चालीने पुढे सरकत राहिली. लेकीने आजवर लिहिलेल्या कुठल्याच तक्रारीचा निकाल इतक्या झटपट, इतका पूर्ण तिच्या बाजूने लागला नव्हता. तीन आठवड्यांनी दारात साइटकडून एक टकलू गृहस्थ हातगाडी घेऊन उभे राहिले.

“मशीन परत न्यायचं आहे.”

चिंधी अजून सुईखालीच होती. लेक मशीनच्या आडवी उभी राहिली. “न्यायचं नाही. उत्तम चालतंय ते.”

“ताई, तुमचंच पत्र आहे.” त्यांनी कागद लांब धरून वाचला. “‘मशीन चालते, अशी कोणतीही सबब ऐकून न घेता ते ताबडतोब उचलावे.’ फार कडक लिहिता हो तुम्ही.”

“माझ्या वडिलांनी दुरुस्त केलंय. शेवटचं.”

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “वाईट झालं. पण व्हिडिओत टाके सुटलेले दिसतायत. ते खरं असेल तर मला न्यावंच लागेल. खोटं असेल, तर तक्रार मागे घ्या. कारण सांगा, मी लिहून घेतो. तो रकाना कोरा चालत नाही.”

“वैयक्तिक कारण.”

“ते मागच्या आठवड्यात एकांनी लिहिलं होतं. परत आलं.”

त्यांनी गुडघ्यावर फॉर्म ठेवला, पेन झटकलं आणि वाट बघत राहिले. नऊ वर्षं लोकांना ‘न घाबरता, खरं तेच सांगा’ म्हणणाऱ्या बाईने सुईखालच्या चिंधीचं टोक सरळ केलं.

“लिहा,” ती शेवटी म्हणाली. “मशीनमध्ये दोष नव्हता. सुई मी उलटी लावली. बाबा दुसऱ्या कुणाशी तरी हसून बोलत होते, आणि मला ते माझ्याशी बोलायला हवे होते.”