हृदयाच्या चार पट्ट्यांचे न्याय्य वाटप

कोणतीही वस्तू चौघांत वाटायची झाली तर ती न्यायानेच वाटली पाहिजे, मग वाटल्यानंतर ती वस्तू शिल्लक राहिली नाही तरी चालेल. सुधारलेला राज्यकारभार या एका तत्त्वावर उभा आहे. खेड्यापाड्यांत अजून भाऊ भाऊ म्हैस एका दावणीला बांधतात आणि दूध वाटून घेतात. तो निव्वळ मागासलेपणा होय. आमच्या समितीने म्हैस वाटली. (म्हैस येथे उदाहरणादाखल. प्रत्यक्षात ते हृदयाचे ठोके कागदावर उतरवणारे यंत्र होते.)

हे यंत्र संस्थानी काळात कोणा हौशी अधिकाऱ्याने विलायतेहून मागवले होते. ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, फूलबागेच्या अलीकडे, एका दवाखान्यात होते. (नाव देत नाही. दवाखान्याचा यात काही दोष नाही, तो फक्त तेथे होता.) एक लाकडी पेटी, आत रेघ काढणारी सुई, आणि पेटीतून निघणाऱ्या चार तारांच्या टोकांना चार चकचकीत पट्ट्या. या पट्ट्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. दोन हातांना, दोन पायांना, खाली मिठाच्या पाण्यात भिजवलेले फडके. शिवाय छातीला चिकटवायचा एक रबरी फुगा होता. पट्ट्या बांधल्या की हृदयाच्या मनात काय आहे ते सुई कागदावर लिहून देई. एवढे स्पष्ट बोलणारे यंत्र सरकारच्या ताब्यात असावे, हे मुळातच धोक्याचे होते.

अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर आणि इंदूर एकत्र येऊन मध्यभारत झाला. हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळी इंदूर. सचिवालयाबरोबर यंत्रही दर उन्हाळ्यात इंदूरला जाऊ लागले. तेव्हा ग्वाल्हेरकरांनी हृदयाच्या तक्रारी शक्यतो दिवाळीनंतर कराव्यात, असे एक परिपत्रक निघाले आणि लोकांनी ते बहुतांशी पाळले. (ज्यांनी पाळले नाही त्यांच्याकडून खुलासा मागवता आला नाही.)

पुढे छप्पन साल आले. मध्यभारत, विंध्यप्रदेश, महाकोशल आणि भोपाळ, असे चार घटक मिळून एक नवे राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असे ठरले. कचेऱ्यांतली कपाटे, टाइपरायटर, पंखे, पाण्याचे माठ, सगळ्याची वाटणी निघाली. यंत्राच्या वाटणीसाठी एक स्वतंत्र समिती नेमण्यात आली. अध्यक्ष जगदेवराव. त्यांच्या घराण्याने सात पिढ्या तलवार गाजवली होती आणि आठव्या पिढीला समिती मिळाली होती. तज्ज्ञ सदस्य म्हणून दवाखान्याचे गोपाळकृष्ण डॉक्टर. इतर घटकांचे प्रतिनिधी होतेच. सचिव मी. मी फक्त ठराव लिहीत असे, सबब माझे मत कोणी विचारले नाही आणि मला ते असल्याचेही आठवत नाही.

नेमके त्याच सुमारास महिपतरावांचे हृदय बिघडले. महिपतराव खासगी बाजार नावाच्या पेठेत राहणारे, दफ्तरातले हेडक्लार्क, दफ्तराबरोबर भोपाळला बदली झालेले, अत्यंत नेमस्त गृहस्थ. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई त्यांना घेऊन गोपाळकृष्ण डॉक्टरांकडे आल्या.

"डॉक्टरसाहेब, ह्यांचं हृदय चालता चालता एकदम रुकतं," त्या म्हणाल्या. "मग असं भागतं की पूछो मत. मी हात ठेवून बघते ना."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "खोड वरच्या कप्प्याची आहे की खालच्या, हे आलेख काढल्याशिवाय सांगता येत नाही. एका खोडीचं औषध दुसरीला दिलं तर जे चालू आहे तेही बंद पडेल. आलेख निघेपर्यंत ह्यांना जिना नको, दगदग नको, प्रवास तर मुळीच नको."

डॉक्टरांनी समितीला विनंती केली की आधी महिपतरावांचा आलेख काढू द्या, मग वाटणी करा. समितीने विनंतीवर सहानुभूतीपूर्वक विचार करून आधी वाटणी केली. वाटणीत असलेल्या वस्तूला तिसऱ्याने हात लावणे बरे दिसले नसते.

घटक चार आणि पट्ट्याही चार, हा केवळ योगायोग नाही, यात काही ईश्वरी योजना आहे, असे जगदेवराव म्हणाले. प्रत्येक घटकाला एक पट्टी. मग वाद निघाला तो अवयवांचा. पाय कोणालाच नको होते. उजवा हात सर्वांना हवा होता. मुजरा उजव्या हाताने करतात, आणि मुजऱ्याचा अनुभव आमच्याइतका कोणाला नाही, या मुद्द्यावर तो ग्वाल्हेरने राखला. डावा हात महाकोशलच्या जबलपूरला गेला. घड्याळ त्याच हाताला बांधतात, हे त्यांना पटवून देण्यात आले. डावा पाय विंध्यप्रदेशच्या रीव्याला. कवायतीत पहिला तोच उचलतात, असे सांगून त्यांची समजूत घातली.

उरला उजवा पाय. तेव्हा गोपाळकृष्ण डॉक्टरांनी खुलासा केला की उजव्या पायाची पट्टी काहीच मोजत नाही. ती नुसती असते. पण ती नसली तर बाकीच्या तिघींना धड काही मोजता येत नाही. स्वतः काही करायचे नाही आणि तरीही आपल्यावाचून कोणाचे चालू नये, अशी जागा सरकारी नोकरीत फार क्वचित रिकामी होते. ज्यांनी मघाशी पायाला नाके मुरडली होती ते सगळे आता उजव्या पायावर हक्क सांगू लागले. अखेर ती पट्टी राजधानीलाच शोभेल, असे एकमताने ठरून ती भोपाळला रवाना झाली.

इंदूर रुसले होते, त्यांना रबरी फुगा दिला. राजस्थानातून नव्या राज्यात आलेल्या सिरोंजने काही मागितले नव्हते, तरी नव्या माणसाला परके वाटू नये म्हणून त्यांना पेटीचा एक स्क्रू पाठवला. पेटी, सुई आणि कागद कोणीच मागितले नाहीत, म्हणून ते ग्वाल्हेरलाच राहिले. समाधानी घटकांचे प्रमाण शंभर टक्के होते. रुग्णांची टक्केवारी काढली नाही, कारण एका माणसाची टक्केवारी काढणे सांख्यिकीच्या दृष्टीने हास्यास्पद ठरले असते.

सुलोचनाबाई समितीपुढे आल्या. "जगदेवरावसाहेब, आमच्या आलेखाचं काय झालं?"

समितीने त्यांना मार्ग सुचवला. पट्ट्या हलवणे धोरणात बसत नसल्याने रुग्णाने हलावे. उजव्या हाताचा आलेख ग्वाल्हेरला, डाव्याचा जबलपूरला, डाव्या पायाचा रीव्याला आणि उजव्याचा भोपाळला काढून घेऊन चारही कागद डिंकाने जोडावेत. वाटेत इंदूरला उतरल्यास फुगाही लावून मिळेल.

"अहो, पण डॉक्टर तर म्हणतात प्रवास करायचा नाही!"

"त्यासाठीच तर आलेख हवा ना, वहिनी," जगदेवराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "प्रवासाला योग्य नाहीत असं आलेखात निघालं, की आम्ही तसं लेखी देऊ."

महिपतराव स्वतः मात्र समितीच्याच बाजूचे होते. त्यांनी जन्मभर लोकांना उद्या या म्हणून सांगितले होते आणि स्वतःवर वेळ आली म्हणून तत्त्व सोडणारा हा माणूस नव्हता. "सरकारी काम आहे, थोडी देर होणारच," ते बायकोला म्हणाले. "आणि बघ ना, माझ्या एका पायावर चार घटकांनी चर्चा केली. आमच्या खानदानात हे कुणाच्या नशिबी आलं नव्हतं." एवढे बोलून ते मधेच थांबले, भिंतीला टेकले आणि थोड्या वेळाने पुन्हा हसले.

डॉक्टरांनी दुसरा उपाय काढला. विलायती मासिकात त्यांनी वाचले होते की दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, थेट हृदयापर्यंत नेता येते आणि आतली खबर काढता येते. असे काही साधन मागवता येईल का, असे त्यांनी विचारले. समितीने नळीच्या रचनेचा बारकाईने अभ्यास केला. नळी हातातून आत शिरणार, म्हणजे ग्वाल्हेरच्या हद्दीतून. पोचणार हृदयात, ज्याची वाटणी अजून झालेली नाही. शिवाय नळी एक आणि घटक चार. चार तुकडे केल्यास कोणताच तुकडा हृदयापर्यंत पोचत नाही, असे डॉक्टरांनीच कबूल केल्यावर सूचना फेटाळण्यात आली.

तेव्हा डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "मग मला तीन साध्या पट्ट्या तरी करून द्या! पाटणकर बाजारात कुणीही कापून देईल. स्वच्छ धातू पाहिजे आणि खाली ओलं फडकं, बस्स!"

ही मागणी मात्र समितीला मनापासून आवडली, कारण तीत नमुना ठरवण्यास भरपूर वाव होता. पुढच्या सर्व बैठका पट्टीच्या नमुन्यावर झाल्या आणि मी आजवर पाहिलेल्या कामकाजात इतके उत्साहाचे कामकाज दुसरे नाही. पहिला नमुना नुसत्या पत्र्याचा होता. तो पायात घातल्यावर बेडीसारखा दिसतो, प्रतिष्ठित माणसाला बेडी घालणे योग्य नाही, असे जगदेवरावांनी दाखवून दिले. दुसऱ्या नमुन्यात पायाच्या पट्टीला तोड्याचा आकार दिला. त्यावर गंभीर आक्षेप आला. पायात सोनेरी तोडा घालण्याचा मान दरबार देत असे. दरबार विलीन झाला, तेव्हा हा मान आता कोण देणार? कायदेशीर सल्ल्यानंतर तो मान 'आलेख पूर्ण होईपर्यंत, तात्पुरता व परत करण्याच्या अटीवर' देण्याचे ठरले. तिसऱ्या नमुन्यात त्वचेच्या बाजूला लाल मखमल लावली आणि शोभा एकसारखी दिसावी म्हणून मूळच्या उजव्या हाताच्या पट्टीलाही लावली.

"मखमलीतून वीज जात नाही," डॉक्टर म्हणाले.

"रुग्णाला वीज लागू नये, म्हणूनच मखमल आहे," जगदेवराव म्हणाले.

आलेखाच्या दिवशी महिपतराव अंगरखा आणि पगडी घालून आले. पायात तोडा घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आजोबा या मानासाठी झुरत गेले होते. त्यांना खाटेवर आडवे व्हायला सांगितले, तर पाय जगदेवरावांकडे येतात म्हणून ते होईनात. खाट फिरवली, तर पाय राजवाड्याकडे गेले. पुन्हा फिरवली, तर दक्षिणेकडे. शेवटी आलेख बसूनच काढला. सुई निघाली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढत गेली, सरळ, स्वच्छ, कुठेही चढ नाही की उतार नाही.

समितीने टाळ्या वाजवल्या. हृदय अनियमित असल्याचा आरोप या रेघेने धुऊन निघाला होता. साऱ्या राज्यात इतके नियमित हृदय सापडले नसते.

"ही रेघ मेलेल्या माणसाची आहे!" डॉक्टर ओरडले.

"नमस्कार, मी आहे अजून," महिपतराव खुर्चीतून नम्रपणे म्हणाले.

या दोन्ही पुराव्यांचा एकत्रित विचार करण्यात आला. रेघ सरळ आहे आणि माणूस जिवंत आहे. अर्थात रेघ उत्तम आहे. डॉक्टरांचा आक्षेप कागदाला टाचणीने जोडला. महिपतराव प्रवासास योग्य ठरले आणि त्यांची भोपाळला झालेली बदली, जी केवळ या आलेखासाठी अडली होती, तत्काळ मोकळी झाली. तोडा परत घेण्यात आला.

"नका जाऊ हो," सुलोचनाबाई त्यांना म्हणाल्या. "मी पाय पकडते तुमचे."

"ऑर्डर आहे," महिपतराव म्हणाले. "आणि आता तर कागदावर मी एकदम ठीक आहे."

ते गाडीत बसले आणि झाशीच्या स्टेशनात, पाणी घ्यायला उतरले असता, बाकावर बसल्या बसल्या गेले.

ही बातमी आली तेव्हा समितीत क्षणभर चलबिचल झाली. परंतु नकाशा उलगडताच सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. झाशी उत्तर प्रदेशात येते. नव्या राज्यात, चारही घटक मिळून, अनियमित हृदयाने दगावलेल्यांची संख्या आजही शून्य आहे. दुखवट्याचा ठराव हद्दीबाहेरचा असल्याने मांडता आला नाही.

सुलोचनाबाई एकदा आल्या. त्या रडल्या नाहीत. टेबलाभोवतीच्या एकेका चेहऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुम्ही त्यांना मखमल लावली, तोडा घातला, खाट फिरवली. तुमच्यातल्या एकानं त्यांच्या छातीवर नुसता हात ठेवला असता ना, तर समजलं असतं. मला समजत होतं." मला हे लिहून घ्यावेसे वाटले, पण ते विषयपत्रिकेवर नव्हते.

गोपाळकृष्ण डॉक्टरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, त्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे. तिच्यासाठी वैद्यकाचे ज्ञान नको; ते अडचणीचे ठरते, असा अनुभव आहे. उमेदवाराला एवढेच जमले पाहिजे, की जवळच एक माणूस भिंतीला टेकून उभा आहे, त्याचे हृदय थांबत चालले आहे, हे पक्के ठाऊक असताना त्याने उजव्या पायात, तोड्यात आणि मखमलीत मनापासून रमावे, मधून मधून हसावे, आणि पुढचा नमुना कसा असेल याची वाट पाहावी. असा माणूस मिळणे कठीण, अशी आमची समजूत होती. पण आपण पहिल्या ओळीपासून इथवर आलात आणि आम्ही आपल्याकडे बघत होतो. मुलाखतीची आवश्यकता वाटत नाही. केव्हा रुजू होता, तेवढे कळवावे.