घरमालकांच्या पाठीवरचं तळं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या हातात कला आहे! शाळेत असताना मी काढलेलं बदक बाईंनी वर्गात लावलं होतं. पुढे नोकरी आणि संसार आडवे आले, नाहीतर आज मी कुठल्या कुठे असतो!

नोकरी माझी तक्रार विभागात. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर 'धन्यवाद' म्हणायचं. शेवटी रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "एखादा शांत छंद लावून घ्या." त्याच संध्याकाळी मी तैलरंग, ब्रश आणि उशीएवढा कॅनव्हास घेऊन घरी आलो. विषयही ठरला होता. निवांत तळं, मागे डोंगर, काठाला झाडं आणि मधोमध होडी. होडीत कोणी नाही. माणूस आला की तक्रार आली!

दुकानदार म्हणाला होता, "साहेब, वाळायला दोन-तीन आठवडे लागतील हं." मी मनात हसलो. आम्हीही गिऱ्हाइकाला दोन-तीन आठवडे सांगतो आणि दोन-तीन दिवसांत काम करून वाहवा मिळवतो. या खाचाखोचा मला कळत नाहीत होय?

रंग लावताना मी हात आखडता घेतला नाही. ट्यूबच्या ट्यूब पिळल्या. खरं सांगतो, इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पंचाईत झाली ती चित्र टांगायची. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही आमच्या घरमालकांची पहिली अट. उरलेल्या अटीही भिंतींबद्दलच! म्हणून मी चित्र हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत टेकवून ठेवलं.

नेमके तिसऱ्याच दिवशी, रविवारी घरमालक यायचे होते, भाड्याचा करार वाढवायचा की नाही ते ठरवायला. आमचं घर तळमजल्यावर. बाबांच्या गुडघ्यांना जिना म्हणजे शिक्षा, आणि सगळ्या गल्लीत तळमजल्यावरचं दुसरं रिकामं घर नाही. हे घर गेलं तर बाबांचं कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाणं बंद, आणि त्यांची सगळी दोस्तमंडळी त्या बाकावर!

घरमालक तासभर आधीच टपकले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढऱ्या मिशा. भिंती रंगवताना जणू त्यांच्यावरही एक हात मारला होता.

"वास कसला येतोय?"

"अहो, खिडक्या उघडा!" बायको माझ्या कानात पुटपुटली.

मी खिडक्या उघडून वळतो तो काय, घरमालक वेताच्या खुर्चीत ऐसपैस रेलले होते!

"उशी फार टणक आहे," म्हणत ते उठले. मागे 'चप्प' असा आवाज झाला. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, आणि आम्हाला दिसलं! मानेखाली डोंगर, कमरेवर तळं आणि मधोमध माझी होडी!

बाबांनी घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते थरथरत होतं.

"चला, आता ओल बघू," घरमालक म्हणाले.

आता त्यांची ओल बघायची रीत सांगायला हवी. हाताला ओल कळत नाही, पाठीला कळते, असं त्यांचं ठाम मत. ते भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटून उभे राहतात आणि गार लागतंय का ते बघतात. हॉलच्या भिंतीला ते तसेच टेकले. "कोरडी!" म्हणाले आणि सरळ पुढे निघाले. मागे पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तळं, डोंगर, होडी!

बायको धावत त्या तळ्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, आधी चहा घ्या ना!"

"आधी भिंती!"

स्वयंपाकघराची भिंतही कोरडी निघाली. तिथे बाबा धावले. ज्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागतो, ते दोन्ही हात पसरून भिंतीला चिकटले. "सूनबाई, मी इथेच बरा आहे!" पॅसेजमधल्या तळ्यावर मी स्वतः पाठ लावली.

बेडरूमच्या भिंतीला मात्र माणूस उरलं नाही!

आतून "कोरडी!" ऐकू आलं. मग, "अहो, जरा इकडे या."

मी गेलो. घरमालक भिंतीला नाक लावून उभे होते. इथवर येता येता रंग विरळ झाला होता. तळ्यावर धुकं उतरल्यासारखं दिसत होतं. मूळ चित्रापेक्षा, खोटं कशाला बोलू, हेच बरं होतं.

"हे तुमचं काम?"

"चित्र... माझंच आहे, काका."

"आणि खिळा?"

"खिळा नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "इतके भाडेकरू पाहिले, पण भिंतीला भोक नको म्हणून थेट भिंतीवर चित्र काढणारा पहिल्यांदाच भेटला! करार वाढवला समजा. वडिलांना कुठे हलवू नका."

स्वयंपाकघरातून बाबा ओरडले, "सुटलो रे!" मला इतकं हायसं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं. घरमालक गल्लीतून ऐटीत निघाले आणि त्यांच्याबरोबर माझी होडीही डुलत डुलत गेली.

संध्याकाळी फोन वाजला.

"तुमचं तळं आमच्या सोफ्यावर आलंय," घरमालकांचा आवाज. "आणि ही माझा शर्ट हातात धरून समोर उभी आहे."

माझा रक्तदाब कुठे पोचला असेल, डॉक्टरांनी विचारू नये.

"काका, मग... करार?"

"शब्द दिला तो दिला. तुमचे वडील भिंतीला कसे चिकटले होते, ते पाहिलंय मी. फक्त एक अट वाढवतोय."

"कुठलीही चालेल, काका!"

"यापुढे चित्र खिळ्यालाच टांगायचं!"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः हातोडी घेऊन आले. दर ठोक्याला डोळे मिटत त्यांनी खिळा मारला. मी कॅनव्हास टांगला. त्यावर आता थोडं आभाळ आणि अर्धं झाड उरलं होतं. घरमालकांनी चष्मा सावरून चित्र न्याहाळलं.

"चित्र तळ्याचं ना? मग तळं कुठाय?"

"तुमच्याकडेच आहे, काका."