पापणी उचलणारे चौघे

आमच्या घरात एक राक्षस राहतो. सोसायटीच्या नियमाप्रमाणे पाहुणा महिन्याच्या वर राहिला तर सेक्रेटरीला कळवावं लागतं. मी कळवलेलं नाही. एक तर हा पाहुणा आयर्लंडचा. दुसरं म्हणजे तो माझ्या नातवाच्या कॉम्प्युटरात राहतो, पाणी वापरत नाही. आणि सेक्रेटरीला मी तसंही काही कळवत नाही.

नातू म्हणजे केदार, माझ्या लेकीचा मुलगा. लेक-जावई कळव्याला, तिथे जागा लहान, म्हणून हा कोपरीला माझ्याकडे. वागळे इस्टेटीत एक कंपनी आहे, ती परदेशातल्या मोठ्या कंपनीसाठी व्हिडिओ गेम बनवते. त्यात केदार राक्षसाचं खातं सांभाळतो. सकाळी उठून राक्षसाची नखं रंगवतो, दुपारी त्याच्या पाठीचे केस विंचरतो, आणि महिनाअखेर त्याचा पगार घेतो. त्याचे आजोबा जन्मभर मिलमध्ये राबले, त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी केदारला डॉक्टरकडे नेलं असतं.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पण राक्षसांचा माझा अभ्यास दांडगा आहे. मी एकत्र कुटुंबात नांदलेली बाई आहे.

"अगं आजी, याचं नाव बॅलॉर," केदारने पहिल्या दिवशी ओळख करून दिली. "फोमोरी म्हणून राक्षसांची एक जात होती. समुद्रातून यायचे. दरवर्षी लोकांचं धान्य, दूध आणि पोरं उचलून न्यायचे."

"वसुलीवाले."

"तसंच. हा त्यांचा मुख्य. याला एकच डोळा. तो उघडला आणि नजर पडली की समोरचा जागेवर खाक. म्हणून डोळा कायम मिटलेला. पापणी इतकी जड की उचलायला चार माणसं लागतात."

"एवढी वाईट नजर मी एकीचीच पाहिली आहे. पहिल्या मजल्यावर राहते."

पुढची गोष्ट अशी की या बॅलॉरला कोणीतरी सांगितलं, तुझ्या लेकीचा मुलगा तुला मारणार. म्हणून त्याने लेकीला एका उंच मनोऱ्यात कोंडलं. घोडबंदर रोडला तसल्या मनोऱ्यात राहायला लोक वीस वर्षांचं कर्ज काढतात. तरी व्हायचं ते झालंच. लेकीच्या पोराने गोफण फिरवली, डोळा उघडला त्याच क्षणी दगड आत घातला आणि आजोबा आडवे.

मी केदारकडे बघितलं. लेकीचाच मुलगा. त्याने पटकन मान खाली घातली आणि नखं रंगवायला लागला.

पण त्या पोराने त्या आडवं होण्यात जीव ओतला होता. त्याने मला ते दाखवलं. दगड बसतो. राक्षस आधी गुडघ्यावर येतो. मग डोंगर कलतो तसा कलतो, समुद्र मागे सरतो, त्याच्या दाढीतले पक्षी उडून जातात, आणि मग तो पडतो. माझ्या कपाटावरची भांडी वाजल्यासारखी वाटली. केदार म्हणाला, "आजी, हे लोकांनी बघितलं ना, की बाकी काही नको मला." मी म्हटलं, पगार तरी हवा ना रे. पण मनातून मला ते पडणं आवडलं होतं. चांगलं पडायलाही कसब लागतं.

आता हे पडणं लोकांना दिसायचं तर आधी राक्षस मंजूर व्हायला हवा होता. इथून कारभार सुरू झाला.

बाकीच्या गेमांमधले फोमोरी केदारने मला दाखवले होते. सगळे आत्ताच जिममधून आलेले. दंड फुगलेले, पाठीवर काटे, हातात सोसायटीच्या गेटएवढी कुऱ्हाड. मूळ गोष्टीत म्हणे कोणाला एकच हात होता, कोणाला एकच पाय. "मग ते कुठे गेले?" मी विचारलं. "एका पायाचा राक्षस विकला जात नाही," केदार म्हणाला. त्याला आपला राक्षस गोष्टीतल्यासारखा करायचा होता, म्हातारा, जड, शेवाळलेला.

केदारचे साहेब म्हणजे सलिल सर. ते स्क्रीनवर येतात. मागे पुस्तकांचं कपाट असतं, ते चित्र आहे. एकदा सर हलले तेव्हा पुस्तकं त्यांच्या कानात शिरली.

"केदार, राक्षस टॉप आहे," सर म्हणाले. "फक्त एक डोळा नको. भावना दुखावतात. दोन दे."

दोन दिले. मग परदेशातून कळवलं, दोन्ही डोळे मिटलेले आहेत, म्हणजे हा अंध आहे का, तपासून घ्या; म्हणून परत एकच केला. मग आपल्याकडच्या भावनांचा विषय निघाला. डोळा कपाळावर नको, उगाच कोणीतरी मोर्चा आणेल. तो गालावर घेतला. काळा रंग नको, गोरा नको, हिरवा एका पक्षाचा, भगवा दुसऱ्याचा, निळा तिसऱ्याचा. शेवटी फिकट जांभळा ठरला. पोट कमी केलं, कारण जाड माणसांना वाईट वाटतं. दात बसवले, कारण कंपनीचा एक मोठा भागीदार दातांचा डॉक्टर होता. आणि नजर पडल्यावर माणूस खाक होतो हे लहान मुलांना चालणार नाही, म्हणून आता ज्याच्यावर नजर पडेल त्याला जरा बरं वाटेनासं व्हायचं.

पापणी उचलणाऱ्या चौघांना हेल्मेट दिली.

मुलांना राक्षस कसा वाटतो ते बघायचं ठरलं. नापास झाला तर राक्षस रद्द, आणि त्याच्याबरोबर त्याचं पडणंही. केदारने आमच्याच बिल्डिंगमधली पोरं गोळा केली. शेजारच्या श्रियाने राक्षसाकडे बराच वेळ टक लावून बघितलं.

"आजी, याला ताप आलाय का गं?"

"नाही गं बाई. तो राक्षस आहे."

"मग याला कोणी जेवायला देत नाही का?"

तिने स्क्रीनजवळ जाऊन त्याला बिस्किट दाखवलं. एका पोराने तर त्याला मामा म्हटलं. केदार ओट्याशी जाऊन उभा राहिला आणि पाणी पीत राहिला. मी तीन तांबे भरलेले पाहिले.

सलिल सरांनी सांगितलं, सोमवारपर्यंत या राक्षसाची भीती वाटली पाहिजे.

मी केदारला म्हटलं, "चल, मला एका ऑफिसात जायचंय. आमच्या दारासमोरच्या गटारावरचं झाकण गेलंय. पहिल्या मजल्यावरची ती नजरवाली परवा त्यात घोट्यापर्यंत गेली. ती गेली याचं मला काही नाही, पण उद्या माझा पाय जाईल."

ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. जिथे गटार असतं तिथे ते ऑफिस असतंच.

दारात काळुराम शिपाई. "साहेब आत आहेत का?" "आहेत." "भेटायचं आहे." "महिपतरावांना विचारा." महिपतराव टेबलाशी, चष्मा कपाळावर, नजर मोबाइलवर. "झाकणाचं ना? ते मॅडमकडे." मॅडम म्हणाल्या, "झाकण माझ्याकडे आहे, पण गटार नाही. गटार त्या टेबलाला." त्या टेबलाला माणूसच नव्हता. खुर्ची होती, आणि खुर्चीच्या पाठीला एक कापडी पिशवी टांगलेली होती.

"हे कुठे गेले?"

"आहेत ना. पिशवी आहे की."

"कधी येतील?"

"साईटवर गेलेत. उद्या या."

मागच्या काचेतून साहेब दिसत होते. मोठे, जड, खुर्चीत रेललेले, डोळे मिटलेले. मला या ऑफिसची सवय आहे, मी पदर खोचून परत फिरले. पण केदार तिथेच खिळून उभा. काळुरामकडे बघितलं, महिपतरावांकडे, मॅडमकडे, मग पिशवीकडे. बोटं मोजल्यासारखी हलली त्याची.

"आजी," तो कुजबुजला, "चार आहेत."

पुढचे काही दिवस त्याने राक्षसाला हातही लावला नाही. जांभळा, बारीक, दात सरळ, तसाच ठेवला. बदलले फक्त ते चौघे. पूर्वी ते हिसका मारून पापणी उचलायचे. आता पहिला म्हणायचा, दुसऱ्याला विचारा. दुसरा जेवायला गेलेला. तिसरीकडे पापणीचा वरचा भाग होता, खालचा नव्हता. आणि चौथ्याच्या जागी समुद्रकाठच्या एका खडकावर पिशवी टांगलेली.

खेळणारा वीर गोफण घेऊन समोर उभा. डोळा उघडल्याशिवाय दगड मारून उपयोग नाही. डोळा उघडत नाही. राक्षस काहीही करत नाही. नुसता बसतो. अधूनमधून घोरतो.

असा भयंकर राक्षस कोणत्याही गेममध्ये आजवर झाला नसेल. परदेशात चाचणीला दिला तर दणकट बाप्ये रडले. ज्यांनी दुसऱ्या गेमांतले काटेवाले, कुऱ्हाडवाले फोमोरी डझनाने कापले होते, ते त्या खडकासमोर हात जोडून उभे राहिले. पिशवीत काय असेल यावर लोकांनी तास तास बोलून व्हिडिओ केले. एका गोऱ्या प्रोफेसरांनी सांगितलं, पिशवी हे मृत्यूचं प्रतीक आहे. आमच्या डोंबिवलीच्या लोकांनी खाली लिहिलं, नाही हो, त्यात डबा असतो.

राक्षस मंजूर झाला. केदार कायम झाला. पण पडणं काही कोणाला दिसेना, कारण डोळ्यापर्यंतच कोणी पोचेना.

एके सकाळी दारात साहेब. तेच, काचेमागचे. गटार ओलांडताना त्यांनी पँट वर धरली होती.

"मालनताई, तुमचाच नातू ना तो गेमवाला? आमचा मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही हो. त्या चौथ्यापाशी अडकलाय. काहीतरी सांगा ना त्याला."

"चौथा साईटवर गेलाय," मी म्हटलं. "उद्या या."

साहेब माझ्याकडे नीट बघून गेले. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि गटारावर झाकण बसवून गेली. अर्ध्या गटारावर. मीही मग साहेबांना अर्धीच युक्ती सांगितली.

ही हकिकत मी केदारला कौतुकाने सांगितली आणि त्याने ती ऑफिसात सांगितली. सलिल सर तीनदा "ब्रिलियंट" म्हणाले. गेममध्ये नवी सोय आली, 'चहापाणी'. थोडे पैसे भरायचे, मग पहिला हलतो. आणखी थोडे, दुसरा जेवून येतो. शेवटी कोणीतरी न दिसणारा पिशवी उचलतो, चौघे पापणी धरतात आणि डोळा उघडतो. नजरेने बरं वाटेनासं होणंही काढून टाकलं, पैसे भरलेल्या माणसाला असं करणं बरं दिसत नाही. आता राक्षस वीराकडे बघतो, म्हणतो, "आपलं काय काम होतं?" आणि मागचा दरवाजा उघडतो. खाली दोन बटणं येतात. एकावर गोफण. दुसऱ्यावर 'आभारी आहे'.

केदारला आनंद झाला. डोळा उघडला! आता दगड बसणार, आता पक्षी उडणार. तो संध्याकाळपर्यंत स्क्रीनसमोरून उठला नाही. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आले, डोळा उघडला, आणि लोक 'आभारी आहे' दाबून दरवाजातून निघून गेले. ठाण्याचे, कल्याणचे, तिकडे शीळफाट्यापर्यंतचे सगळे गेले. ज्यांनी खाली भ्रष्टाचारावर पानपानभर लिहिलं होतं, ते वाकून गेले.

"आजी, त्यांच्या हातात गोफण आहे. एवढं सोपं आहे. विसरतात कसे?"

"विसरत नाहीत रे. काम झालं ना त्यांचं."

सलिल सरांचा निरोप आला. पडणं फार जागा खातं आणि वापरात नाही. शुक्रवारपर्यंत एकानेही दगड मारला नाही तर काढून टाकू.

शुक्रवारी दुपारी केदार माझ्यासमोर गेम खेळायचं ते यंत्र घेऊन बसला. चेहरा उतरलेला. "आजी, तू खेळ. तू कोणाच्या बापाला घाबरत नाहीस. फक्त हे गोफणीचं बटण दाब. बाकी मी करतो."

मी पदर खोचला. साऱ्या आळीत माझ्या तोंडाची ख्याती आहे. बॅलॉर काय चीज. केदारने मला चहापाण्याशिवाय पुढे नेलं, घरचा माणूस असल्याचा फायदा. चौघांनी पापणी उचलली. डोळा उघडला, मोठा, पिवळा, ओला. माझं बोट गोफणीवर होतं. केदार दाढीतल्या पक्ष्यांकडे बघत होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. काळुराम. "मालनताई, साहेबांनी सांगितलंय, राहिलेलं अर्धं गटार सोमवारी घेतो. साहेब म्हणाले, ताईंना म्हणावं आठवण ठेवा."

"आपलं काय काम होतं?" राक्षसाने मला विचारलं.

मी 'आभारी आहे' दाबलं.

केदारने यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. त्या संध्याकाळी कंपनीने डोंगर, समुद्र आणि दाढीतले पक्षी काढून टाकले. राक्षस अजून बसलेला आहे, तब्येत उत्तम आहे, कंपनी म्हणते तो आता कायम राहील.

नातवाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. धरू दे. त्याला वाटतं मी घाबरले. मालन कधी कोणाला घाबरलेली नाही. पण अर्धं गटार उघडं असताना दगड मारायचा, हे कोणत्या शहाण्याचं काम? पूर्ण झालं की बघू.

तुम्ही हसताय ते दिसतंय मला. हसा. फक्त त्याआधी एवढं सांगा, तुमचं कुठे काही अर्धं राहिलेलं नाही ना?