साडेआठचं रीडिंग

मे महिन्यात जॉन्सनव्हिलच्या रस्त्यावर खिशात कांदा घेऊन फिरणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता. शिधोरेकाका. अंगात एकावर एक दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायांत जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, त्याही मोज्यांवर, अंगठ्याजवळ मोजा खोचून, आणि मुलाच्या जुन्या जाकिटाच्या उजव्या खिशात एक लाल कांदा. वेलिंग्टनचं हे आमचं उपनगर टेकड्यांवर वसलेलं आहे आणि इथला वारा असा, की आपण वाळत घातलेली चादर शेजाऱ्याकडे वाळते. त्या वाऱ्यातून काका मान खाली घालून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानापर्यंत, चालत जायचे.

"काका, कांदा कशाला?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"लू लागू नये म्हणून."

"इथे? आज नऊ डिग्री आहे."

"जोधपूरला चव्वेचाळीस आहे."

"पण तुम्ही जॉन्सनव्हिलला आहात."

"ते मला माहीत आहे," काका शांतपणे म्हणाले. "आणि कांद्याने लू लागत नाही याला शास्त्रीय आधार शून्य अष्टमांश. तेही मला माहीत आहे."

अष्टमांश हा काकांचा खास शब्द. जोधपूरच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं, अशी तिथली पद्धत. निवृत्त झाल्यावर आभाळ सुटलं, पण आठ भाग करण्याची सवय सुटली नाही. माझ्या हातचा चहा तीन अष्टमांश बरा असायचा. मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण एक अष्टमांश कळलं, असं ते अध्यक्षांनाच सांगून आले होते.

काका मुलाकडे राहायचे, आणि मी त्यांचा शेजारी. पुण्याचा, कॉम्प्युटरमधला, एकटा राहणारा आणि हवामानात काडीचा रस नसलेला. पुणेकराला हवामानाबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे पूर्वी पुण्याची हवा फार छान होती. काकांना वेलिंग्टनच्या हवेबद्दल विचारलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं.

"हे हवामान नव्हे, पोरखेळ आहे. सकाळी ऊन, दहाला गारा, दुपारी परत ऊन! याला शिस्त नाही. आमचा उन्हाळा कसा? मार्चमध्ये येतो, ठाण मांडतो, जुलैपर्यंत हलत नाही. दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. पितळी कडीला हात लावला तर फोड येतो. पण माणूस त्याच्यावर विसंबून राहू शकतो."

म्हणूनच असेल, चाळीस वर्षं तापमान मोजलेल्या या माणसाने इथे साधा थर्मामीटरसुद्धा टांगला नव्हता. मोजण्यासारखं इथे काही नाही, म्हणायचे.

काकू इथे आल्या नव्हत्या. मंडळातल्या बायका खोदून खोदून विचारायच्या, तेव्हा काका एवढंच सांगत, "तिला उकाडा मानवतो," आणि प्लेटमधल्या सामोशाकडे वळत. खरी गोष्ट मला त्यांच्या मुलाने, समीरने सांगितली. काकू मूळच्या पाचगणीजवळच्या. लग्न होऊन त्या गार हवेतून थेट जोधपूरला येऊन पडल्या. पहिली दोन वर्षं रडल्या, आणि पुढची अडतीस वर्षं रोज म्हणाल्या, "या भट्टीतून मला बाहेर काढा." काकांनी ते मनावर घेतलं. निवृत्त होताच गुपचूप समीरच्या मागे लागून इथल्या रेसिडन्सीचे कागद केले, तिकिटं काढली आणि एका संध्याकाळी ती काकूंसमोर ठेवली. बक्षीस द्यावं तशी. काकूंनी ती उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "मी येणार नाही." काका रागारागाने एकटेच विमानात बसले.

"दोन वर्षं झाली, बोलत नाहीत एकमेकांशी," समीर म्हणाला. "मी फोनवर दोघांनाही समजावतो. पण हट्ट म्हणजे हीप्स आहे, नुसता ढीग आहे दोघांकडे. आता आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न राहिलाय."

शनिवार-रविवारी दुपारी बरोबर तीन वाजता काका माझ्याकडे यायचे. हातात डेअरीतून आणलेलं फोनकार्ड. त्यावरचा नंबर नाण्याने खरवडायचा, तो मुंगीएवढा नंबर वाचायचा, मग कार्डातली बाई इंग्रजीत काय विचारते त्याला उत्तर म्हणून बटणं दाबायची, हे त्यांना जमत नसे. समीरच्या घरून ते फोन करत नसत. कारण सांगत नसत.

"वेधशाळा लाव," म्हणायचे.

मी लावून द्यायचो. काका मांडीवर वही उघडून बसायचे.

"कमाल?" तिकडून काहीतरी पुटपुट. "पंचेचाळीस पॉइंट दोन. किमान? एकतीस. कोरडा? ओला? वारा? ढग? शून्य. ठीक."

आणि फोन खाली. ना नमस्कार, ना अच्छा. चाळीस सेकंदांत सगळं आटपायचं. तिकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असत, आणि ती म्हणे रीडिंग घेण्याची जगन्मान्य वेळ होती.

"काका, हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं," मी एकदा म्हणालो.

"ते विमानतळाचं."

"आणि तुमचं?"

"माझं वेधशाळेचं," असं म्हणून त्यांनी चहाला दोन अष्टमांश दिले.

एका रविवारी फोन चालू असताना काका अडखळले. "ओला आणि कोरडा सारखाच? कसा सारखा येईल?" ओल्या थर्मामीटरच्या टोकाला कापडाची वात असते, आणि ती शेजारच्या बाटलीतल्या पाण्यात बुडालेली असते. जोधपूरच्या कोरड्या हवेत त्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच खाली असायला हवा. "बाटली रिकामी आहे," काका म्हणाले. तिकडून उत्तर आलं. "कधीपासून नाही पाणी?" पुन्हा काहीतरी उत्तर आलं. "ठीक."

फोन ठेवून त्यांनी वही मिटली. चहाला हात लावला नाही. मग म्हणाले, "कार्डात मिनिटं आहेत ना? दुसरा एक नंबर लाव."

तो लागला. काका तिकडच्या शेजाऱ्याशी एकदम हिंदीत, आवाज खाली आणून बोलायला लागले, जणू जोधपूरच्या भिंतींना कान होते. "पुरोहितजी, आंगन के टांके का ढक्कन ज़रा खिसका दीजिएगा. नल में पानी नहीं है, और हमारी मिसेस से वो उठता नहीं. लेकिन मेरा नाम मत लीजिएगा."

टांका हे अंगणाखालचं पावसाच्या पाण्याचं टाकं. म्हणजे वेधशाळा ही होती, आणि आकडे सांगणाऱ्या काकू. घराच्या मागच्या अंगणात काकांनी थर्मामीटर ठेवायला स्वतःची झडपांची पांढरी पेटी उभारली होती, आणि, समीरने नंतर सांगितल्याप्रमाणे, घर सोडताना काकूंना उद्देशून उच्चारलेलं त्यांचं शेवटचं वाक्य होतं, "रीडिंग चुकवू नकोस." काकूंनी दोन वर्षांत एकही चुकवलं नव्हतं. आकड्यांपलीकडे एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि काकांनीही विचारला नव्हता. मला कळलंय हे मी काकांना कळू दिलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी "वेधशाळा लाव" म्हटलं आणि मी मुकाट्याने लावली.

जूनमधल्या एका शनिवारी वेधशाळा लागली नाही. नुसता टूंटूं आवाज. रविवारीही तेच. पुरोहितजींचाही फोन बंद. मी न राहवून इंटरनेट उघडलं, तर विमानतळाचं तापमान सत्तेचाळीस आणि शेजारी धुळीच्या वादळाची सूचना. काकांनी विमानतळाला नावं ठेवली नाहीत. स्वतः उठून समीरकडे गेले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मुलाला विचारलं, "आईचा फोन आला होता का?" त्यालाही लागत नव्हता.

परत आले ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि खिशातला कांदा काढून टेबलावर हळूहळू फिरवत राहिले.

"रोज ड्युटीला निघताना ती घालायची खिशात," म्हणाले. "चाळीस वर्षं मी सांगत होतो, याला शास्त्रीय आधार नाही. चाळीस वर्षं ती म्हणायची, असू दे. इकडे यायला निघालो त्या दिवशी तिने घातला नाही. दिल्लीपर्यंत तीनदा खिसा चाचपला मी."



"गारव्यात न्यायचं होतं रे तिला. दुसरं काय? आता मी इथे दोन स्वेटर घालून बसलोय, आणि ती सत्तेचाळीसमध्ये."

सोमवारी मी तब्येतीचं कारण सांगून ऑफिसला दांडी मारली. साहेब "स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. तीन वाजता नंबर फिरवला आणि रिंग गेली. मी स्पीकर लावला.

"शनिवार कमाल सेहेचाळीस पॉइंट आठ," पलीकडून थेट सुरुवात झाली. खणखणीत आवाज. "किमान बत्तीस. शुक्रवारी रात्री आंधी आली, खांब पडले, फोन बंद होते. रविवार कमाल—"

"जेवलीस का?" काका म्हणाले.

पलीकडचे आकडे थांबले. 

"सकाळी साडेआठला कोण जेवतं?" काकू म्हणाल्या.

काकांनी माकडटोपी काढली. "नाही, म्हणजे काल."

"काल जेवले."

"आणि परवा?"

"परवाही जेवले. तिन्ही दिवस जेवले. तेही वहीत लिहायचं होतं का?" मग जरा थांबून, "तिकडे किती आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "मोजत नाही मी इथे."

"तुम्ही? मोजत नाही?"

"थंडी आहे," काका म्हणाले. "फार थंडी आहे गं, प्रमिला." आणि मग घाईघाईने, "विचारायला हवं होतं मी तुला. तिकिटं काढायच्या आधी."

"हो. विचारायला हवं होतं. चाळीस वर्षं उकडतंय उकडतंय म्हणत होते, ते तुम्ही ऐकावं म्हणून. न्यावं म्हणून नव्हे."

"यू हॅव वन मिनिट रिमेनिंग," कार्डातली बाई मध्येच म्हणाली.

"ही कोण?" काकू.

"कार्डातली आहे. तू बोल."

"काय बोलू? पाऊस येईल पंधरा-वीस दिवसांत. त्याआधी गच्ची धुवायला हवी, टांका उपसायला हवा, नाहीतर वर्षभराचं पाणी घाण होईल. मी किती दिवस पुरोहितजींना सांगणार? आणि त्यांनी नाव सांगितलं तुमचं. त्याच दिवशी."

फोन तुटला. काकांनी वहीत शनिवारचा आकडा लिहिला, रविवारची जागा मोकळी सोडली आणि मला म्हणाले, "समीरला सांग, तिकीट बघ म्हणावं. एकच."

जायच्या आदल्या दिवशी ते हार्डवेअरच्या दुकानातून थर्मामीटर घेऊन आले आणि माझ्या घराच्या मागच्या भिंतीवर टांगायला लागले. अर्धा तास जागाच ठरेना. जोधपूरला उत्तरेची भिंत सावलीत असते, इथे उत्तरेलाच ऊन. "सगळं उलटं आहे तुमच्याकडे," पुटपुटत शेवटी त्यांनी तो दक्षिणेला ठोकला. मग एक कोरी वही माझ्या हातात दिली. विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो, तेव्हा काहीतरी द्यावंसं वाटत होतं. द्यायला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून डेअरीतून एक कांदा घेतला होता. काकांनी तो पारखून पाहिला आणि उजव्या खिशात टाकला.

ते गेले, आणि शनिवार-रविवारच्या दुपारी मला फार सुन्या वाटायला लागल्या. थर्मामीटरकडे मी पाहिलंही नाही. वही फ्रिजवर पडून होती.

जुलैतला तिसरा रविवार. तीन वाजता फोन वाजला.

"कमाल?" काका म्हणाले.

मी धावत मागच्या दारी गेलो, जँडल्स न घालताच. "आत्ता अकरा आहे, काका."

"आत्ताचं नको, कमाल हवं. बरं, उद्यापासून लिही. ढग?"

मी वर पाहिलं. टेकड्या दिसत नव्हत्या. "आठ."

"आमच्याकडेही आठ," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका खूश मी कधी ऐकला नव्हता. "रात्रीपासून सतरा मिलिमीटर. टांक्यात पाणी पडतंय, ऐक." बहुधा त्यांनी रिसीव्हर दाराकडे धरला. मला खरखर ऐकू आली.

मागून काकूंचा आवाज आला. "त्याला विचारा, जेवला का. एकटा असतो ना तो?"

सकाळपासून माझ्या पोटात टोस्टचे दोन तुकडे होते. विचारणारं कुणी नसलं की जेवायचं राहूनच जातं.

"जेवलो म्हणून सांगा," मी म्हणालो.

"ठीक," काका म्हणाले, आणि फोन खाली.

मी फ्रिजवरची वही काढली, पहिल्या पानावर ढगांच्या रकान्यात आठ लिहिले, आणि कुकर लावला.