मुरूमकर चाँदपाशा मास्तरांच्या पुढल्या दाताची बखर

शके अठराशे त्र्याऐंशी, प्लवनाम संवत्सर, वैशाख मास, जुन्या निजामी हिशेबाने फसली सन तेराशे सत्तर, महाराष्ट्र राज्य होऊन नुकते एक साल लोटलेले, ऐसे समयी उमरगे तालुक्यातील कसबे मुरूम येथील नूर-ए-दख्खन बँड पार्टीने सरहद्द ओलांडून म्हैसूर मुलुखी बेविनहळ्ळी मुक्कामी जी मोहीम केली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. कोणी म्हणेल, लग्नात बँड वाजला, त्यात लिहिण्याजोगे ते काय? त्याने खुशाल उठून आपल्या कामास लागावे. ज्यास राहणे असेल त्याने नीट मांडी घालून बसावे आणि मध्ये तोंड घालू नये.

तर या बँडचे सरलष्कर म्हणजे क्लारनेटबहाद्दर, अखंडितलक्ष्मीअलंकृत, मेहेरबान चाँदपाशा मास्तर. परंड्यापासून मुरुमापर्यंत लौकिक ऐसा, की मास्तर वरातीत असले म्हणजे नवरदेवाकडे बघायला फक्त नवरदेवाची आई उरे. तामलवाडीचे लोक बिनबोलावता लग्नास येत आणि जेवणाआधी बँड कुठाय म्हणोन पुसत. लाल बनातीचा कोट, पितळी गुंड्या, खांद्यावर सोनेरी झुलती झालर, आणि डोळे मिटून क्लारनेट आभाळाकडे उचलले म्हणजे म्हातारीकोतारी माणसेही खांबाला धरून डोलत. परंतु या साऱ्या दौलतीचा डोलारा एका दातावर उभा होता. क्लारनेटचे तोंड वरल्या पुढल्या दातांस टेकवावे लागते, आणि मास्तरांचे तेथील बाकीचे शिलेदार एकेक करोन निघोन गेलेले, एकच दात उरला होता, आणि तोही हलत होता. रात्रंदिन मास्तर जिभेने त्यास हळूच हात लावल्यासारखे करीत आणि तो जागेवर आहे ऐसे पाहून त्यांस हायसे वाटे. ही खबर त्यांची बिबी हसीनाबी यांखेरीज कोणास नव्हती.

आता दात पडला तर पडला, इतके हवालदिल व्हायचे कारण काय, ऐसे विचाराल, तर कारण होते. बँडचा कायदा होता की, ज्याच्या तोंडी क्लारनेट टेकवायला दात उरला नाही त्याने क्लारनेट खाली ठेवावे, झांज हाती घ्यावी आणि रांगेच्या शेपटाला चालावे. आणि हा कायदा दुसऱ्या कोणी नव्हे, खुद्द मास्तरांनीच केला होता. त्यांचे उस्ताद फकीरसाहेब यांचे दात सरले तेव्हा या शागिर्दाने भरल्या बैठकीत त्यांच्या हातचे क्लारनेट अदबीने काढून घेतले, झांज दिली आणि वर सलाम केला. तेव्हापासून फकीरसाहेब शेवटच्या रांगेत झांज वाजवीत चालत. बोलत नसत. वरात वळणावर वळली म्हणजे मास्तरांस ते मागे दिसत, आणि मास्तर लगबगीने दुसरीकडे पाहत. याउपर मास्तरांचा सख्खा भाचा रसूल ट्रंपेट वाजवीत असे, बत्तीस दात शाबूत, आणि मामूच्या क्लारनेटवर त्याची नजर सदैव असे.

ऐसे असता बेविनहळ्ळीचे पाटील महालिंगप्पा यांजकडून जासूद आला की, कन्येचे लग्न आहे, वऱ्हाड गुलबर्ग्याचे बडे आहे, आणि आम्ही व्याह्यांपुढे बोलून चुकलो आहो की मुरुमाचा बँड ऐकल्यावर तुम्ही दुसरा बँड ऐकणार नाही, तरी आमची अब्रू तुमच्या हाती. मास्तरांनी विडा उचलला. मग निघतेवेळी हसीनाबींनी उंबऱ्यात उभे राहून फर्मान सोडले.

"कडक कायबी तोंडात घालायचं न्हाय. डब्यात मलिदा दिलाय, त्योच खायचा. आन् दात पाडून आलात तर बघा. झांज घेऊन ह्या घरात यायचं न्हाय, सांगून ठेवते!"

मास्तर हू म्हणाले आणि डबा काखेत घेतला.

मग एस्टीच्या टपावर मोठा ढोल चढवून फौज कूच करती जाहली. सरहद्दीच्या नाक्यावर शिपायांनी दारूच्या संशयाने मोठ्या कर्ण्यात हात घालून पाहिले, तो हात कोपरापर्यंत अडकला, आणि तो सोडवण्यात बराच वेळ मोडला. या धामधुमीत बलभीम ढोलवाला, की ज्याच्या पोटास भगदाड आहे ऐसे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे, त्याने मास्तरांचा डबा उघडला आणि सगळा मलिदा फस्त करोन, मिशा पुसोन, डबा पुन्हा जैसे थे बांधोन ठेविला. या एका दगाबाजीने पुढील सर्व अनर्थ ओढवला. बलभीम अद्याप म्हणतो की त्यास वाटले तो डबा सर्वांचा आहे. त्यास खोटे बोलताना लाज वाटत नाही.

मजल दरमजल करीत बैलगाड्यांतून बेविनहळ्ळीस दाखल झाले तो ऊन चढले होते. महालिंगप्पा पाटील वेशीपर्यंत सामोरे आले, आणि त्यांच्या पत्नी शांताक्का यांनी पायांवर पाणी घातले. मग पाटलांनी मांडवात पंगत बसविली आणि घराण्याची जुनी रीत जाहीर केली. ती ऐसी की, आमच्या मांडवात जो वाद्य उचलील त्याने आधी आमची भाकर मोडावी, आणि मोडल्याचा आवाज यजमानाच्या कानी पडावा. आवाज न आल्यास पाहुणा घरचे अन्न हलके मानतो ऐसे समजावे.

मांडवाच्या कोपऱ्यात कडक भाकऱ्यांची चवड माणसाच्या छातीइतकी रचली होती. ज्वारीची, पापडासारखी पातळ, चुलीच्या धगीवर वाळवून खडखडीत केलेली, महिना गेला तरी न बिघडणारी. मुरुमास ही भाकर ठाऊक नाही ऐसे नाही. परंतु मुरुमात ती दुधात चुरून खाल्ली तर कोणी हुज्जत घालीत नाही. मास्तरांनी चवड पाहिली आणि जीभ आपसूक दाताकडे गेली. मग डबा उघडला, तो आत गुळाचा वास तेवढा उरला होता. मास्तरांनी बलभीमाकडे पाहिले. बलभीम मांडवाचे छत पाहू लागला.

मग मास्तरांनी युद्धाची पहिली मसलत केली. पानात वांग्याचा रस्सा भरपूर वाढून घेतला आणि भाकरीचे टोक त्यात हळूच बुडवून धरिले. तो महालिंगप्पा समोरच येऊन बसले आणि मोठ्याने हसले.

"मास्तर, हे काय? भिजवून तर म्हातारी खातात! तुम्ही जवान माणूस!"

पंगत हसली. रसूलने मामूकडे पाहिले आणि आपली भाकर दातांखाली घेऊन काडकन मोडली, ऐशी की चार पानांपलीकडे ऐकू जावी. मग मास्तरांच्या मनात काय आले ते त्यांचे त्यांस ठाऊक, परंतु मान ताठ जाहली. भिजवावी तर म्हातारपण भाच्यापुढे उघडे पडते, न खावी तर पाटलांची अब्रू जाते, आणि चावावी तर दात जातो. मास्तरांनी अल्लाचे नाव घेतले, भाकरीची कोरडी बाजू तोंडात घातली आणि चावा घेतला.

कडाड ऐसा आवाज जाहला. यजमानांनी वाहवा केली. सर्वांनी जाणले की भाकर मोडली. खरे वर्तमान एकट्या मास्तरांस कळले. त्यांनी डोळ्यांतले पाणी ठसक्याच्या निमित्ताने पुसले आणि तोंडातला घास हळूच पानातल्या भाकरीच्या तुकड्यांत सारिला. येणेप्रमाणे जो दात चाळीस साल क्लारनेटखाली उभा होता तो परमुलुखी कामास आला. त्याच्यासाठी रडायला देखील फुरसत नव्हती, कारण तेव्हाच वेशीवर गलका उठला की वऱ्हाड आले.

मास्तर ओठ मिटून उठले. त्या घडीपासून ते एक अक्षर बोलले नाहीत. हुकूम मानेने देत. लोकांस वाटले, मोठ्या कलावंताची मिजास अशीच असते.

वेशीत गुलबर्ग्याचे वऱ्हाड हाताच्या घड्या घालून उभे होते, की बघू या तो मुरुमाचा बँड. महालिंगप्पा मधोमध. बँडची रांग लागली, बलभीमाने ढोलावर टिपरू मारले, आणि मास्तरांनी डोळे मिटून क्लारनेट उचलले. ते तोंडात धरिले, तो वरच्या हिरडीवरून सटकले. पुन्हा धरिले, फुंकले. सायकलीच्या चाकातली हवा जावी तैसा फुस्स आवाज जाहला. वऱ्हाडात एकजण हसला, मग दहाजण हसले. महालिंगप्पांचा चेहरा पडला. आणि रसूल, दुश्मन तोच जो घरातला, त्याने ट्रंपेट ओठास लावून एक पाऊल पुढे टाकिले.

तेव्हा मास्तरांनी मागे पाहिले. शेपटाला फकीरसाहेब झांज धरून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी एक जागा मोकळी होती. ती पाहताच मास्तरांनी सगळी लाज सोडून वरचा ओठ आत दुमडला, हिरडीवर गादीसारखा घातला, दोन्ही ओठांत क्लारनेट गच्च धरिले आणि जीव एकवटून फुंकले.

स्वर आला. परंतु तो नेहमीचा स्वर नव्हे. नेहमीचा तो धारदार, लांबून बोलावणारा. हा मऊ होता, भरल्या गळ्याने कोणी घरातले बोलते आहे ऐसा. बलभीमाने आपणहून ढोल हळू केला, ही एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहून ठेवितो. हसणारे हसता हसता थांबले. सिनेमाची उडती चाल होती, परंतु त्या ओठांतून ती निघाली तो मुलगी सासरी निघाल्यासारखी निघाली, आणि दारातली नवरी रडू लागली, मग तिच्या मैत्रिणी, आणि मग महालिंगप्पा पाटील, की ज्यांनी तीन गावचे तंटे डोळ्याची पापणी न हलवता तोडले होते, ते फेट्याचा शेमला डोळ्यांस लावून भर वेशीत हुंदके देऊ लागले. व्याही पुढे आले आणि त्यांनी फर्माविले की, हीच चाल पुन्हा वाजवावी. ती पुन्हा वाजली. रसूलचे ट्रंपेट आपोआप खाली आले.

दुसरे दिवशी निरोपाचा दरबार भरला. पाटलांनी मास्तरांस फेटा बांधिला. मग शांताक्का पुढे आल्या आणि हळदीच्या फडक्याची एक लहानशी पुरचुंडी त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेविली.

"मास्तर, पान उचलताना भाकरीत घावलं. तुमचं सामान आमच्या घरी राहायला नको." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अय्यो, एक शब्द बोलला असता तर गव्हाची हुग्गी वाढली असती. मऊ लुसलुशीत!"

मास्तरांनी तेथेच पुरचुंडी सोडिली. दात सर्वांनी पाहिला. रसूलने तर दोनदा पाहिला.

परतीच्या वाटेवर फौज एस्टीत बसली. रसूलच्या पायाशी झांजेची पिशवी होती. मुरूम जवळ आले तैसा तो खाकरला.

"मामू, वाजिवलं लई भारी. न्हाय कोण म्हणतंय? पर कायदा तुमीच केलाय."

"व्हय. म्याच केलाय," मास्तर म्हणाले. दाताविना शब्द सुटत होते, तरी प्रथमच ते मोकळेपणी बोलले. मग उठून मागच्या बाकावर फकीरसाहेबांजवळ जाऊन बसले. मग पुसले, "उस्ताद, ओठावर वाजतंय, हे तुमाला ठाव होतं?"

फकीरसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. "व्हय. घरात दार लावून पिपाणीवर करून बघितलं हुतं."

"मग त्या वक्ताला बोललात का न्हाय?"

"इचारलंस का तू? झांज दिलीस, म्या वाजिवली."

हे ऐकून मास्तरांस जी शरम वाटली ती लिहिण्यास शब्द नाहीत, आणि असते तरी मी लिहिले नसते. मुरूम स्टँडावर फौज उतरली. तेथे सर्वांदेखत मास्तरांनी क्लारनेट पेटीतून काढिले, लाल कोटाच्या बाहीने पुसले आणि दोन्ही हातांनी उस्तादांपुढे धरिले. मग झांज उचलली आणि मुकाट्याने रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. फकीरसाहेबांनी क्लारनेटकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले, मग ओठ दुमडले. पहिले दोन स्वर फुटके आले. तिसरा मात्र ऐसा आला की बाजारपेठेतील तराजू थांबले.

येणेप्रमाणे बँड स्टँडापासून पेठेतून वाजत गेला, पुढे वृद्ध उस्ताद, मागे झांज वाजवीत चाँदपाशा मास्तर. हसीनाबी दारात आल्या. हातात झांज दिसली, तोंडात दात दिसला नाही. त्यांनी बोलायला तोंड उघडले, तो पुढे कोण वाजवीत आहे ते दिसले, मग पदर डोक्यावर नीट केला आणि वाटेतून बाजूला झाल्या. म्हणाल्या इतकेच, "या आत. झांजेसकट या."

ऐसी ही बेविनहळ्ळीची फत्ते जाहली. दात एक कामास आला, तो हळदीच्या फडक्यासकट कोनाड्यात ठेविला आहे. दाताचा कायदा त्याच दिवशी रद्द जाहला. रसूल बत्तीस दात शाबूत असोन ओठांवर वाजवण्याचा सराव करितो. बलभीमास मलिद्याची क्षमा झालेली नाही. आणि क्लारनेट त्या दिवशी फकीरसाहेब वाजवीत वाजवीत जे आपल्या घरात घेऊन गेले ते तेथेच आहे. मास्तर रोज सकाळी अदबीने दाराशी जातात आणि मागतात, आणि आतून उस्ताद म्हणतात, "थांब रे, येवढं एक वाजवून देतो." मग मास्तर पायरीवर बसून ऐकतात.